दाजीचं एका शब्दाचं इंग्रजी

२०१९ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा होतो आणि दाजी ऐंशीच्या घरात. त्या वर्षी आमची लालबागची खोली रिकामी झाली आणि दाजी गावी गेला. गेला म्हणजे त्याला नेला. त्यानंतर तो मला दिसला नाही. पावसाळा संपता संपता तिकडेच वारला, आणि मला कळलं ते सगळं उरकल्यावर. म्हणून त्याच्या मरणाबद्दल मी काही लिहिणार नाही. जे पाहिलं नाही त्यावर बोलायची मला सवय नाही. लिहायची तर नाहीच, चौथीत शाळा सुटली. पण दाजीबद्दल लोक भलतंसलतं सांगतात. कोणी म्हणतं फार कडक होता, कोणी म्हणतं शेवटी त्याला भ्रम झाला होता. कडक होता हे खरं. भ्रम वगैरे काही नाही. शेवटपर्यंत त्याला सगळं कळत होतं, आणि वाईट तेच झालं.

खोली म्हणजे आमच्या गावाची खोली. मालवणाकडून गिरणीत कामाला आलेल्या माणसांसाठी गावानं भाड्यानं घेतलेली. बायकापोरं गावाला, पुरुष इथे. एक पाळी कामाला गेली की दुसरी तिच्याच जागेवर आडवी व्हायची. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ट्रंका. ज्याची ट्रंक फळीवर तो खोलीचा माणूस. मी आलो तेव्हा मला मिसरूडही नव्हतं, आणि दाजी तेव्हाच खोलीचा कारभारी होता.

दाजी गिरणीत घडी खात्यात होता. तयार कापड टेबलावरून ओढलं जायचं, दाजी त्यावर डोळा ठेवून उभा. गाठ, डाग, तुटलेला धागा दिसला की खूण करायचा. कापड चोख असलं की म्हणायचा, ‘ओके.’ मग शेजारचा माणूस शिक्का मारायचा. शिक्क्यावर हीच दोन अक्षरं. सारखा शिक्काच समोर असल्यामुळे दाजीला ती उलटीच ओळखीची होती. एकदा चिवड्याच्या पुडीवर ती सरळ छापलेली दिसली, तर म्हणाला, ‘ह्यांनी चुकीचां छापलानी.’

दाजीचं सगळं इंग्रजी एवढंच. पण त्या एका शब्दावर तो मुंबईत पन्नास-साठ वर्षं राहिला. खाणावळीत बाईनं वाढलं की पहिल्या घासाला म्हणायचा, ‘ओके.’ तिला सुरावरून बरोबर कळायचं, मीठ कमी पडलंय की नाही. कोणी थापा मारायला लागला की ‘ओ’ लांबवायचा, एवढा लांबवायचा की थापाड्याच मध्ये गप्प व्हायचा. कोणी मेला तर म्हणायचा, ‘सखाराम ओके झालो.’ ते ऐकून नवीन पोरांना हसू यायचं. पण दाजी हसत नसे, आणि मयताला पहिला तोच जायचा. गणपतीपुढे हात जोडून उभा राहायचा आणि पुटपुटायचा, ‘ओके.’ मी एकदा विचारलं, ‘दाजी, देवाकडे मागितलंस काय?’

‘मागूचां कित्या? सांगितलंय, इकडे सगळां ओके. तुझां तू बघ.’

मी जन्मात कोणाची नक्कल केली नाही, पण त्याचा ओके मला तंतोतंत काढता येतो. फक्त काढत नाही.

माझी बायको गावाला वारली तेव्हा मी खोलीत दाढी करत होतो. गावचे फोन खाली वाण्याकडे यायचे. वाण्यानं हाक मारली आणि दाजी खाली गेला, कारण माझ्या तोंडाला साबण होता. परत आला आणि दारातच उभा राहिला. आत येईना. मग म्हणाला, ‘ओके.’ अगदी हळू, जड वस्तू जमिनीवर ठेवावी तसा. मी विचारलं नाही कोण, काय. टॉवेलनं साबण पुसला. दाजीनं माझी ट्रंक काढली, कपडे पिशवीत भरले, स्वतःची धोतरंही भरली आणि माझ्याबरोबर एसटीत बसला. गावापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. तेवढं कोणाला जमत नाही.

आता बैठकीचं सांगतो, कारण पुढचं सगळं बैठकीमुळे झालं.

खोलीत काही ठरवायचं असलं की सतरंजी अंथरायची आणि सगळ्यांनी तिच्यावर बसायचं. पूर्वी म्हणे बैठकीत फार भांडणं व्हायची, एकदा कोणी तांब्या फेकून मारला. दाजी कारभारी झाला आणि त्यानं बोलणंच बंद केलं. ‘पटणा नाय तर उठ. बडबड नको.’ ठराव सांगायचा; पटला तर बसून राहायचं, पटला नाही तर सतरंजीवरून उठायचं. एक जरी उठला तरी ठराव थांबला. पण उठणाऱ्यानं दुसरा रस्ता दाखवायचा आणि तो स्वतःच्या अंगावर घ्यायचा. नुसतं उठून चालायचं नाही. फक्त ठराव ज्याच्याबद्दल आहे तोच माणूस उठला, तर त्याला रस्ता विचारायचा नाही. हा नियम दाजीनं घातला आणि त्यात कधी सूट दिली नाही. एकदा भिवाआजा बैठकीत झोपला. जागा झाला तेव्हा महिनाभर पाणी भरायचं काम त्याच्यावर ठरलं होतं. आजा तणतणायला लागला, तर दाजी म्हणाला, ‘झोपलेलो माणूस राजीच आसता.’ आजानं महिनाभर पाणी भरलं.

असं हसण्यावारी जायचं. पण एकदा गेलं नाही.

संपाचं वर्ष होतं. गिरण्या बंद, खोलीत चूल एकवेळ पेटायची. दाजीचा सख्खा पुतण्या बबन तेव्हा विशीतला. दाजीनंच त्याला मुंबईत आणून गिरणीत चिकटवला होता. दाजीला स्वतःचं मूल नव्हतं. बबनला तो स्वतःच्या ताटात जेवायला बसवायचा. गावाला बबनची आई अंथरुणाला खिळलेली, औषधाला पैसा नाही. बबन गुपचूप कामावर जायला लागला. मालकाच्या बंद गाडीतून आत, बंद गाडीतून बाहेर. लालबागेत असल्या गोष्टी लपत नाहीत. ज्या दिवशी कळलं त्याच संध्याकाळी दाजीनं सतरंजी अंथरली. ठराव सांगितला तो पण त्यानंच. बबनची ट्रंक फळीवरून खाली.

बबनला सतरंजीवर बसू दिलं नव्हतं. तो दारात उभा होता. उभा माणूस उठणार कसा? आम्ही सगळे दाजीकडे बघत होतो. पुतण्या त्याचा, आजारी बाई त्याची भावजय. तो उठला असता तर आम्ही कोणी काही म्हटलं नसतं. दाजी मांडी घालून बसला होता तसाच बसून राहिला. मग म्हणाला, ‘ओके.’ घडी खात्यात म्हणायचा तोच, कापड पुढे जाऊ द्या म्हणणारा. बबननं ट्रंक खांद्यावर घेतली आणि जिना उतरला.

बबनची आई त्याच वर्षी गेली. संपही गेला, आणि संपाबरोबर आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दाजी पुढे एका गोदामावर रखवालदार झाला. बबन गावाला गाडी चालवायला लागला, पुढे त्यानं स्वतःची घेतली. दाजी गावी जायचा तेव्हा दोघं एकाच घरात असून बोलत नसत. मी एकदा म्हटलं, ‘दाजी, पोरगा लहान होता तेव्हा.’ त्यावर त्यानं मला जो ओके ऐकवला, त्यानंतर तो विषय मी काढला नाही.

२०१८ च्या थंडीत दाजीला झटका आला. सकाळी पाणी भरायला नळावर उभा होता. हंडा भरला, वाहायला लागला, तरी दाजी हलेना. मागची बाई ओरडली, ‘आजोबा, झोपलात काय?’ तेव्हा तो खाली बसला. परळच्या इस्पितळात नेला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

वाचा गेली म्हणजे एक शब्द सोडून गेली. तरुण डॉक्टरीणबाई होती, तिनं विचारलं, ‘आजोबा, नाव काय तुमचं?’

‘ओके.’

‘दुखतंय कुठे?’

‘ओके.’

तिनं मला बाजूला घेतलं. असं होतं म्हणाली. सगळं पुसलं जातं आणि जन्मभर तोंडात बसलेला एखादा शब्द तेवढा राहतो. त्यांना आतून सगळं कळतंय, बाहेर मात्र तेच येणार. मी म्हटलं, ‘बाई, आधी पण तेच येत होतं.’ तिला वाटलं मी विनोद करतोय.

त्याला खोलीवर आणला. खोलीत तोवर आम्ही दोघंच उरलो होतो. बाकीच्यांनी विरार-नालासोपाऱ्याला घरं केली होती. त्यांच्या ट्रंका तेवढ्या फळीवर. दाजीचं सगळं मी केलं. उपकार म्हणून नाही. साबण लागलेल्या तोंडानं मी बसलो होतो तेव्हा त्यानं पिशवी भरली होती, त्याची फेड पण नाही. केलं, कारण मला तो कळायचा. पाण्याचा ओके कोरडा यायचा, जिभेला चिकटून. लघवीचा घाईचा, दोनदा. पाठ दुखली की ‘के’ वर चढायचा. आणि ‘नाही’ म्हणायचं असलं की दात आवळून म्हणायचा आणि डावा हात चादरीवर आपटायचा. हे कळायला शाळा लागत नाही, कान लागतात.

ज्यांना कान नव्हते त्यांचं बरं चाललं होतं. येऊन बसायचे, विचारायचे, ‘दाजी, कसं काय, बरं आहे ना?’ दाजी म्हणायचा, ‘ओके.’ मग मला म्हणायचे, ‘बघा, मस्त आहे म्हातारा.’ आणि समाधानानं चहा पिऊन जायचे. मला मरण का येत नाही, असं तो तेव्हा म्हणत होता, हे त्यातल्या एकालाही कळलं नाही.

उन्हाळ्यात इमारत खाली करायची नोटीस लागली. पाडून नवीन टॉवर होणार. तोवर लांब कुठेतरी सतराव्या मजल्यावर तात्पुरती जागा. तिथे जाऊन राहायला कोणी तयार नव्हतं. मी घोडपदेवला मुलीकडे जाणार होतो. दाजीचं काय, एवढाच प्रश्न होता. खोलीचा कारभार तेव्हा विलासकडे. आमच्याच वाडीतला, एका ऑफिसात नोकरीला, मुलगा वाईट नाही. एका रविवारी दुपारी त्यानं बैठक बोलावली. दहा-बाराजण आले. मी दाजीला सतरंजीवर भिंतीला टेकवून बसवला, बाजूला उशी लावली. बैठक असली की तो सतरंजीवरच पाहिजे.

विलास म्हणाला, ‘मी बबनशी बोललोय. तो न्यायला तयार आहे. दाजींना गावाला बबनकडे पाठवायचं, असा ठराव आहे. ज्याला पटत नसेल त्यानं उठावं.’

दाजीनं दात आवळले. ‘ओके.’ आणि डावा हात सतरंजीवर आपटला.

विलासनं विचारलं, ‘ओके ना, दाजी?’

‘तो नाही म्हणतोय,’ मी म्हणालो.

‘तात्या, बोलायचं नसतं ना बैठकीत. रूल दाजींचाच आहे.’

मी उठलो. माझे गुडघे वाजले ते सगळ्यांनी ऐकले.

‘रस्ता सांगा, तात्या.’

‘मी नेतो त्याला. घोडपदेवला.’

‘मुलीला विचारलंत?’

विचारलं होतं. ती म्हणाली होती, बाबा, तुमचीच पथारी कुठे घालायची ते मी बघतेय. एका खोलीत ती, जावई, दोन पोरं. माझी जागा गॅलरीत. मी तसाच उभा राहिलो.

‘तात्या, प्रॅक्टिकल व्हा जरा. रस्ता नसेल तर बसा.’

‘मी बसणार नाही. ज्याची गोष्ट आहे तो उठला तर रस्ता विचारायचा नाही, आहे की नाही रूल?’

‘आहे. पण...’

पण बिण काही ऐकलं नाही. मी दाजीच्या मागे गेलो, काखेत हात घातले आणि त्याला उचलायला लागलो. ऐंशी वर्षांचं हाड, निम्मं मेलेलं, आणि उचलणारा मी. उशी कलंडली. त्याचं धोतर सुटायला आलं. ‘पाय लाव, दाजी,’ मी म्हणालो. ‘डावा लाव.’ त्यानं लावला. विलास पुढे धावला, अडवायला नव्हे, आम्ही दोघं पडू म्हणून. बाकीचे सगळे माना खाली घालून बसलेले. कसा ते माहीत नाही, पण दाजी उभा राहिला. त्याची पाठ माझ्या छातीला, सगळा भार माझ्यावर, आणि सतरंजीवर त्याचं एक पाऊल.

‘उठला,’ मी म्हणालो. ‘थांबव ठराव.’

विलासच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी सांगितलं पाहिजे. तो थांबवणार होता.

तेवढ्यात दाजीचा डावा हात माझ्या मनगटावर आला. मला वाटलं धरतोय. तो माझी बोटं सोडवत होता. एकेक करून. मी घट्ट धरली तर नखं लावली त्यानं. ‘दाजी, अरे,’ मी म्हणालो. त्यानं बोटं सोडवली आणि भिंतीला घासत खाली गेला, सतरंजीवर. धोतर गुडघ्यावर ओढून घेतलं. मग विलासकडे बघून म्हणाला, ‘ओके.’

त्यात दात नव्हते. हात आपटला नाही. सरळ, सपाट, न लांबवता.

विलासनं हळूच मला विचारलं, ‘तात्या, हा कुठला?’

‘पास झाला,’ मी म्हणालो. ‘माणसानं स्वतः उठायचं असतं. ठराव लिहून टाक.’

पुढच्या शनिवारी बबन आला. स्वतःची गाडी घेऊन, मागची सीट काढून गादी घातलेली. सत्तावन्न-अठ्ठावन्नचा झाला असेल, केस पांढरे, पोट सुटलेलं. खोलीत आला, इकडे तिकडे बघितलं, फळीवर बघितलं. दाजीनं डोळे मिटून घेतले होते. मी आणि विलास उचलायला पुढे झालो तर बबननं हातानं थांबवलं.

‘ह्याच जिन्यावरून माझी ट्रंक मी एकट्यान उतरयलंय, तात्या. आता काकांक पण मीच उतरयतलंय.’

त्यानं दाजीला खांद्यावर घेतला. पोत्यासारखा म्हणावं तर तसा नाही, आणि जपून म्हणावं तर तसंही नाही. जिन्यात अंधार होता. मी मागून दाजीची ट्रंक घेऊन उतरलो. दाजीचं डोकं बबनच्या पाठीवर लोंबत होतं आणि तोंड माझ्याकडे. डोळे आता उघडे होते. तीन मजले तो माझ्याकडे बघत खाली जात होता आणि मी त्याच्या मागे. मी वाट बघत होतो, की आता काहीतरी म्हणेल, कसाही म्हणेल, मला कळेल. काहीच म्हणाला नाही. गादीवर ठेवल्यावर त्यानं तोंड पलीकडे वळवलं. बबननं दार लावलं. गाडी वळली तेव्हा काचेतून मला त्याचा कान आणि थोडी मान दिसली. तेच शेवटचं.

मी बबनला एवढंच सांगितलं होतं, ‘काही कळलं नाही तर मला फोन कर. त्याचा ओके मला ऐकव.’ तो हो-नाही काही म्हणाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मी एकटाच खोलीत होतो, पथारी गुंडाळत होतो. बबन वैतागलेला. ‘तात्या, पेज पुढ्यात ठेवलंय तर ओके म्हणतत. खावा म्हटलां तर ओके. भरवूक गेलंय तर तोंड उघडनत नाय. मी काय समजू?’

‘आडवा आहे की बसवलायस?’

‘आडवे.’

‘आडव्यानं तो खात नाही. भिंतीला टेकवून बसव. उजवीकडे उशी लाव.’

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. मग मी म्हणालो, ‘आता फोन त्याच्या तोंडाशी धर.’

श्वास ऐकू आला. थोड्या वेळानं दाजी म्हणाला, ‘ओके.’

फोनवर खरखर होती. पण नुसती खरखर नव्हे. तो ओके मी आधी कधी ऐकलेलाच नव्हता. पाण्याचा नाही, पाठीचा नाही, मरणाचा नाही. वर्षानुवर्षं ज्याचा एकच शब्द मी ऐकत आलो, तो मला त्या सकाळी कळला नाही. मी फोन कानाला दाबून धरला. पुन्हा काही आलं नाही.

बबनचा आवाज आला. ‘काय म्हणतत?’

मी म्हणालो, ‘तुला विचारतोय, न्याहारी केलीस का.’

तिकडे वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग बबन लांबून बोलावं तसं बोलला, ‘नाय अजून.’

‘मग आण तुझी पेज तिथेच. त्याच्यासमोर बस आणि जेव,’ मी म्हणालो, आणि फोन ठेवला.